चढावरची बस

थॉर्नशेल्फला अजूनही सगळे गाव म्हणतात, विशेषतः घर विकायला काढलं की. 'डोंगरउतारावरचं टुमदार गाव' असं जाहिरातीत छापलं की किंमत चढते. बाकी गावपण शोधायला गेलात तर गिरणीचे फ्लॅट झालेत, जुन्या प्रार्थनाघरात एक दंतवैद्य सहकुटुंब राहतो, खाटकाच्या दुकानात कुत्र्यांना शाम्पू लावतात, आणि पोस्टाच्या जागी निघालेल्या कॉफीच्या दुकानात साधा चहा मागितला तर मुलगी विचारते, "साधा म्हणजे कुठला?" खालचं शहर सरकत सरकत वर येऊन कधी चिकटलं, हे पुष्कळांच्या लक्षातही आलं नाही. मेविस हेलिवेलला मात्र एकेक गोष्ट जाताना दिसली होती आणि प्रत्येक वेळी तिचं डोकं फिरलं होतं.

आता उरली होती ती एक बस.

मेविस ऐंशीला टेकलेली. गिरणी बंद पडेपर्यंत तिथे कापडातल्या गाठी आणि तुटके धागे शोधून दुरुस्त करायची. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. नवरा चालवायचा, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. रोज दुपारच्या बसने ती खाली बाजारापाशी राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे, आयव्हीकडे जायची. आयव्हीची नजर गेली होती, पण पत्त्यांची खोड गेली नव्हती. दोघींचे पत्ते मेविसच बघायची.

"तुझ्याकडे चौकटचा गुलाम आलाय."

"मघाशी तो तुझ्याकडे होता!"

"आयव्ही, तुला दिसत नाही तरी तुझा संशय काही कमी होत नाही."

"दिसत नाही म्हणून तर वाढलाय, बये."

भांडण संपलं की आयव्ही एकच विषय काढायची. "ये की इथे राहायला. वर आता काय ठेवलंय तुझं?"

"माझं घर ठेवलंय," मेविस म्हणायची आणि कोट घालायची. त्याच घरात ती जन्मली होती. बस होती तोवर तिला घरही होतं आणि बहीणही होती. बस गेली तर दोन्हीतलं एक जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि बस जायची वेळ आली होती. बस रिकामी धावते, असं नगरपालिकेचं म्हणणं. येत्या बुधवारी त्यांची एक बाई दिवसभर बसमध्ये बसून माणसं मोजणार होती. माणसं दिसली नाहीत तर बस बंद.

मेविसने जुन्या शेजाऱ्यांची दारं वाजवली आणि चर्चच्या हॉलमध्ये सभा भरवली. आल्याचा केक तिने स्वतः भाजून नेला. निवृत्त मुख्याध्यापक मिस्टर क्रॅबट्री टेबलावर हात आपटून म्हणाले, "बस म्हणजे या गावाचा कणा आहे!" ते सभेला गाडीने आले होते. सगळ्यांनी केक खाल्ला, हे फारच लाजिरवाणं आहे असं एकमेकांना सांगितलं, आणि बुधवारी दुपारच्या बसला झाडून सगळे येऊ असा शब्द दिला.

"वरच्या काचेच्या घरांतल्या नव्या लोकांना पण सांगूया का?" मेविसने विचारलं.

"त्यांना कशाला उगाच त्रास?" मिस्टर क्रॅबट्री म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. कुणाला त्रास द्यायचा नाही, या एका गोष्टीवर थॉर्नशेल्फमध्ये कधी दुमत होत नाही.

बुधवारी पाऊस कोसळत होता. तरीही दुपारी थांब्यावर ही मोठी रांग! मेविसला इतका आनंद झाला, की मिस्टर क्रॅबट्रींना मिठी मारायचीच तेवढी बाकी राहिली. बसला जरा उशीर होत होता. तेवढ्यात एक उंच काळी गाडी येऊन थांबली. काचेच्या घरातली इमोजेन. मनाने खरंच चांगली बाई.

"अरे देवा, किती भिजताय तुम्ही! बसा, बसा, मी सोडते."

"नको नको, आम्ही ठीक आहोत," मेविस म्हणाली.

"ठीक कसल्या? बस काही येत नाही आता. थांबा, मी सगळ्यांना कळवते." आणि तिने फोनवरून साऱ्या वस्तीला कळवलं, की म्हातारी माणसं पावसात अडकली आहेत.

मग काय विचारता! चढावरून एकामागून एक गाड्या उतरायला लागल्या. काचा खाली, दारं उघडी, आपुलकी नुसती ओसंडून वाहतेय. आम्ही मुद्दाम उभे आहोत, बस वाचवतोय, एवढं एक वाक्य बोलायला कुणाची जीभ रेटेना. समोरचा माणूस एवढ्या प्रेमाने थांबलाय, त्याला नाही कसं म्हणायचं? पहिले चढले मिस्टर क्रॅबट्री. जाताना म्हणतात कसे, "वाईट दिसेल हो, मेविस." बघता बघता रांग विरघळली.

राहिली मेविस. इमोजेन छत्री घेऊन स्वतः खाली उतरली. दार धरून उभी, छत्री मेविसच्या डोक्यावर आणि स्वतः चिंब. मागे गाड्यांची रांग, कुणीतरी भोंगा वाजवला. मेविसने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तिला जमलं नाही. ती गाडीत बसली.

पहिल्याच वळणावर समोरून बस वर येताना दिसली. आत माणसं मोजणारी ती बाई मांडीवर कागद लावलेली फळी घेऊन बसलेली, आणि बाकी सगळी बाकं मोकळी. गाडीतल्या मेविसला बघून ड्रायव्हर नदीमने सवयीने हात केला. रोज तो "या आंटी, तुमचं सिंहासन तयार आहे," म्हणायचा. आज त्याचा हात अर्ध्यातच थांबला. मेविसला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बस बंद झाली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. "एक शब्द टाका मेविस, सोडू की आम्ही," असं जो भेटेल तो म्हणायचा. तिने एकदा मिस्टर क्रॅबट्रींना शब्द टाकला. त्यांनी नेलं, पण वाटभर गुडघेदुखी आणि गाडी लावायला जागा मिळत नाही याचं रडगाणं. त्यानंतर तिची विचारायची छाती झाली नाही. मग कधी टॅक्सी, कधी आज पाऊस आहे, कधी आज बरं नाही, असं करत आयव्हीकडचं जाणं आठवड्यावर आलं.

एका दुपारी मेविसला स्वतःचाच संताप आला. ती चालत निघाली. उतार निभला, पत्तेही झाले, भांडणही झालं. परत येताना मात्र चढाने तिचा जीव काढला. अर्ध्या वाटेवर भिंतीला हात टेकून ती उभी होती, छाती भात्यासारखी चाललेली. काळी गाडी आली, हळू झाली, काच खाली आली.

"मेविस! अहो, या वयात हा चढ! बऱ्या आहात ना?"

"हो हो," मेविस हसून म्हणाली, "जरा फिरायला निघालेय."

"कमाल आहे बाई तुमची!" इमोजेन कौतुकाने म्हणाली आणि गेली.

घरी पोचल्यावर बूटही न काढता मेविसने बहिणीला फोन लावला. "तुझी मागची खोली रिकामीच आहे ना गं?"

एरवी आयव्हीने जिंकल्याचा केवढा गलका केला असता. पण आज तिने एवढंच विचारलं, "बस गेली म्हणून येतेयस?"

"बस गेली म्हणून नाही," मेविस म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "त्या बाईने गाडी थांबवली होती, आयव्ही. बऱ्या आहात ना म्हणून विचारत होती. आणि मी तिला सांगितलं, फिरायला निघालेय."