न पिणाऱ्या आत्याची वाइन-सहल

माझ्या आत्याइतका दारूचा राग असलेलं माणूस यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही, आणि वाइनच्या मुलखातली सहल तिच्याइतकी चोख आखणारं माणूस अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. ही दोन माणसं एकच आहेत असं मी सांगतो तेव्हा ऐकणारा आधी माझ्याकडे संशयानं पाहतो. त्याचं काही चुकत नाही. त्या सहलीत गाडी मी चालवत होतो म्हणून, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

आत्या बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावर राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, म्हणजे सरकारच्या दृष्टीनं झाली. तिच्या दृष्टीनं सगळा तांडा अजून तिच्या वर्गातच बसलेला आहे. ती तीन भाषा बोलते. माया करायची असेल तेव्हा आमची बंजाऱ्यांची गोरबोली, हुकूम सोडायचा असेल तेव्हा वऱ्हाडी आणि एखाद्याचा पुरता अपमान करायचा असेल तेव्हा शुद्ध पुस्तकी मराठी. तिनं कोणाला ‘आपण बसावं’ असं म्हटलं की आम्ही त्या माणसासाठी मनातल्या मनात हळहळतो. पण तिची खरी ख्याती नाकाची. वर्गाच्या दारात उभी राहून ती म्हणायची, “तिसरा बाक, खिडकीकडचा. खिशातला खर्रा टेबलावर आणून ठेव.” आणि तंबाखू-सुपारीचा तो खर्रा निघायचा. एकदा तो शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या खिशातून निघाला. तोही टेबलावर ठेवला गेला. हॉटेलात शिरताना ती दारातच थांबते, श्वास घेते आणि ‘कालचं तेल हाय, चला’ म्हणून वळते. तिच्यामागून उपाशीपोटी वळणाऱ्यांमध्ये मी लहानपणापासून आहे.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. दारूनं ते गेले तेव्हा मी नववीत होतो. त्यानंतर आत्यानं पदर खोचला तो खोचलाच. आसपासच्या गावांतल्या बाया जमवून ती नाल्याकाठानं निघायची. पुढे ती, मागे पंधरा-वीस बाया आणि त्यांच्याही मागे अवघडून चालणारे दोन पोलीस. मध्येच ती थांबायची, नाक वर करायची, डोळे मिटायची आणि बोट दाखवायची, “त्या पळसाखाली खणा.” खणलं की मोहफुलांच्या सडव्यानं भरलेला पिंप निघायचा. सडवा म्हणजे दारू गाळण्याआधी आंबायला ठेवलेली फुलं. तो पिंप आत्या स्वतःच्या हातांनी पालथा करायची. पोलीस नुसते पाहत राहायचे. एका हवालदारानं तर तिला वाकून नमस्कार केलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

अशा बाईची एकुलती एक मुलगी मंजू, माझी आतेबहीण, अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि नाशिकजवळच्या एका वायनरीत नोकरीला लागली. कचेरीत नव्हे, थेट वाइन बनवायला. ही बातमी ऐकून आत्या रागावली नाही, रडलीही नाही. त्या दिवसापासून ती मंजूशी फोनवर पुस्तकी मराठीत बोलू लागली, एवढंच. “आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे,” असं ती आपल्या पोटच्या पोरीला म्हणायची. फोन ठेवला की मंजू मला फोन करून रडायची. दोन वर्षं हे असं चाललं.

गेल्या जानेवारीत एका सकाळी आत्या दारव्ह्याला माझ्या औषधांच्या दुकानात आली. काखेत शाळेचा एक जुना कोरा हजेरीपट होता.

“फेब्रुवारीत नाशिकले जायचं हाय,” ती म्हणाली. “वाइनचे कारखाने पाहाले. चार दिवस दुकान बंद ठेवजो.”

“कायले आत्या?”

“अभ्यास सहल हाय.”

“तिथं मंजू…”

“अभ्यास सहलीत नातेवाईक नसतात,” आत्या शुद्ध मराठीत म्हणाली आणि मी कॅलेंडरवरच्या चार दिवसांवर फुली मारली.

त्या हजेरीपटात विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी वायनऱ्यांची नावं होती आणि तारखांच्या रकान्यांत पोहोचण्याची वेळ, विचारायचे प्रश्न, जेवणाचं ठिकाण आणि संडास स्वच्छ आहे की नाही, हे सगळं. सगळीकडे तिनं स्वतः फोन केले होते. “तुमच्याकडं न पिणाऱ्यांची काय सोय हाय?” हा पहिला प्रश्न. “द्राक्षं धुता का?” हा दुसरा. वाइनची द्राक्षं धूत नाहीत असं पलीकडून उत्तर आलं तेव्हा तिनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे पाहिलं. “न धुताच!” ती कुजबुजली, आणि हजेरीपटात लाल शाईनं तशी नोंद झाली. वाइन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात हे कळल्यावर मात्र तिचं मत एकदम सुधारलं. “थुंकाची सोय हाय? मंग चांगले लोक असतीन.” धरणाच्या काठच्या एका रेस्टॉरंटला फोन लावून तिनं थेट आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि तेल कोणतं, किती वेळा तापवता, चीज कशात ठेवता याची वीस मिनिटं उलटतपासणी केली. शेवटी तो बिचारा ‘मॅडम, तुम्ही एकदा याच’ असं म्हणाला. जाण्याआधी आमची रंगीत तालीमही झाली. स्टीलच्या पेल्यांत जांभळाचं सरबत ओतून मला आणि माझ्या बायकोला आधी वास, मग घोट, मग पातेल्यात थुंकणं असं क्रमानं करायला लावलं. प्रत्यक्षात कोण काय करणार तेही ठरलं होतं. मी गाडी चालवणार म्हणून मला फक्त वासाची परवानगी. चाखण्याची जबाबदारी माझ्या बायकोवर, जिनं तोवर खोकल्याच्या औषधापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं.

“आत्याबाई, मला चढली तर?” तिनं विचारलं.

“चढली त तसं लिहून ठेवू,” आत्या म्हणाली.

कारंज्याला आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो तेव्हा उजाडत होतं. दुपारी नाशिकला पहिल्या वायनरीच्या फाटकाशी पोहोचलो ते हजेरीपटात लिहिलेल्या वेळेच्या सहा मिनिटं आधी, तर आत्यानं गाडी बाहेर उभी करायला लावली आणि सहा मिनिटांनी आत नेली.

आत काळा कोट घातलेली एक हसतमुख मुलगी आम्हाला सगळं समजावत होती. काचेचा पेला हलक्या हातानं फिरवत ती म्हणाली, “यात तुम्हाला पेरूचा सुगंध जाणवेल.” आत्यानं पेला नाकाशी नेला. आजूबाजूला पुण्या-मुंबईची चार-सहा माणसं होती. तीही या नऊवारीतल्या बाईकडे बघू लागली.

“पेरू हाय,” आत्या म्हणाली. “पण पिकेल नाई, पाडाले आलेला. अन् हा पेला ओल्या फडक्यानं पुसला हाय बाई.”

मुलीनं पेला हुंगला. तिचा चेहरा पडला. मग तिनं टेबलावरचे सगळेच पेले उचलून आत नेले आणि दुसरे आणले. तिथून पुढे ती प्रत्येक वाइन ओतली की आधी आत्याकडे बघायची आणि मग बाकीच्यांना माहिती सांगायची. मुंबईच्या एका गृहस्थांनी आपला पेला हळूच आत्यापुढे धरला, तेव्हा मला लहानपणी तिच्यामागून चालणाऱ्या पोलिसांची आठवण झाली. माझ्या बायकोनं तीन वाइन चाखल्या आणि निष्कर्ष दिला, “आधी आंबट लागते, मग गोड, मग जे काही होतं ते सांगता येत नाही.” तोही शब्दशः लिहिला गेला.

दुसऱ्या दिवशी धरणाकाठच्या रेस्टॉरंटात जेवलो. लाकडी फळीवर निळ्या शिरा असलेलं चीज आलं. त्याच्या वासानं बायको खुर्ची मागे सरकवून बसली. आत्यानं मात्र ते डोळे मिटून हुंगलं. “हे सडलं नाई. हे मुरलं हाय,” असं म्हणून तिनं ते भाकरीसारखं मोडून खाल्लं. जेवण होत आलं तेव्हा आचारी हात पुसत बाहेर आला. “फोनवरच्या मॅडम तुम्हीच ना?” आत्यानं त्याला आपादमस्तक पाहिलं. “तेल ताजं हाय तुमचं,” ती म्हणाली. हे वाक्य तिनं माझ्या लग्नाच्या पंगतीतही उच्चारलं नव्हतं. आचारी नुसता हसला, पण त्याला काय मिळालं ते मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात मंजूची वायनरी होती. पुढे ‘विचारायचे प्रश्न’ ही जागा मोकळी.

मंजू फाटकाशी उभी होती. नाक लाल, डोळे पाणावलेले. ते रडल्यामुळे असेल असं मला वाटलं, पण तिला तीन दिवसांपासून सर्दी होती. आमच्याकडे आईला याडी म्हणतात. “याडी,” म्हणून ती वाकली. आत्या म्हणाली, “आपण कशा आहात?” मंजूनं मान खाली घातली आणि आम्हाला आत नेलं.

टाक्यांचं दालन थंडगार होतं. दोन्ही बाजूंना माणसाच्या तिप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या होत्या. आत रस आंबत होता आणि त्याची बारीक सळसळ ऐकू येत होती. दारातच आत्या थबकली. आयुष्यभर ज्या वासाच्या मागावर ती नाल्याकाठानं फिरली, तोच तिथं भरून राहिला होता. तिनं पदर मुठीत घट्ट धरला. मंजू पुढे पुढे सांगत चालली होती. सातव्या टाकीपाशी ती थांबली आणि तिचा आवाज जरा बदलला. या टाकीतला रस तिनं पहिल्यांदाच सर्वस्वी स्वतःच्या निर्णयानं आंबायला लावला होता. मालकांचे जुने सल्लागार नको म्हणत होते, पण मालकांनी हिच्यावर भरवसा ठेवला होता. “ही बिघडली तर मग माझं इथं काही खरं नाही, दादा,” ती मला म्हणाली.

मी आत्याकडे पाहिलं. तिनं नाक वर केलं होतं, डोळे मिटले होते. ही मुद्रा मी ओळखतो. पण बोट उठलं नाही. तिनं डोळे उघडले आणि ती पुढे चालू लागली.

जेवायला आम्ही तिथल्याच रेस्टॉरंटात बसलो. समोर द्राक्षांचे वेल ओळीनं गेले होते. आत्यानं ताटाला हात लावला नाही. हजेरीपट उघडून ती रकान्यांवर उगीच पट्टीनं रेघा ओढत बसली. मला कळत होतं. तिच्या नाकाला काहीतरी लागलं होतं आणि ती फक्त गप्प राहिली असती तरी मंजू महिनाभरात तांड्यावर परत आली असती. बाया पिंप खणत होत्या तेव्हाही मी आत्याला इतकी थकलेली पाहिली नव्हती.

तिनं पट्टी खाली ठेवली. “मंजे, सातवी टाकी पाह्य,” ती वऱ्हाडीत म्हणाली.

“काय झालं याडी?”

“सडेल अंड्याचा वास हाय. आता बारीक हाय, उद्या मोठा होईन. सडव्याले भूक लागली का असा वास येते. मोहाची लावणाऱ्या बायाच सांगत होत्या मले. ऊठ.”

मंजू हातातला घास टाकून धावली. सर्दीनं तिचं नाक बंद होतं, म्हणून तिनं सोबतच्या माणसाला नमुना हुंगायला लावला. त्याचं तोंड वाकडं झालं. मग रसाला हवा दिली, यीस्टचं खाद्य घातलं, आणि माणसं चार वाजेपर्यंत त्या टाकीभोवती होती. वास उतरला. टाकी वाचली.

दमलेली मंजू बाहेर पायरीवर येऊन बसली, तशी आत्या तिच्या शेजारी जाऊन बसली. पदरानं तिचं नाक पुसलं आणि गोरबोलीत म्हणाली, “एवढी सर्दी झाली तर आईला सांगायचं नाही का?” मग त्या दोघी पुष्कळ वेळ गोरबोलीतच बोलत राहिल्या. मी आणि बायको वेलांच्या ओळींतून लांबपर्यंत फिरून आलो.

निघताना मंजूनं एका पेल्यात थोडी वाइन आणली. आत्यानं पेला दोन्ही हातांत धरला, बराच वेळ वास घेतला आणि परत दिला.

“चांगली केली आहेस. पण मी पिणार नाही,” ती गोरबोलीतच म्हणाली.

“माहीत आहे याडी.”

“वाईट वाटून घेऊ नकोस.”

“नाही वाटत.”

चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर सिन्नर मागे पडलं. माझी बायको मागच्या सीटवर झोपली होती. ऊन चांगलं तापलं होतं आणि रस्ता मोकळा होता. आत्या पुढे बघत गोरबोलीत म्हणाली, “तुझ्या बापाशी मी शेवटचे आठ महिने बोलले नव्हते.”

हे मला माहीत नव्हतं.

“वाटलं, बोलणं बंद केलं की पिणं बंद करील. रोज दिवेलागणीला माझ्या दाराशी येऊन उभा राहायचा. बहिणीचं घर ना. मी आत भांडी आपटायची. मग कधीतरी तो यायचा थांबला.”

मी आरशात मागचा रस्ता पाहिला, काहीतरी पाहायला हवं म्हणून. आत्यानं माझ्याकडे मान वळवली आणि मुलांचे चेहरे पाहायची तसं नीट, वेळ घेऊन पाहिलं.

“आता तू वयानं त्याच्याहून मोठा झालास,” ती म्हणाली.