माशाच्या डोळ्यावरचा नंबर

नागपूरला मी कॉलेजात कारकून होतो, तेव्हा तिथला एक कारागीर टाकळीच्या खाणीतल्या दगडांमधून दगड झालेले प्राचीन मासे सुईनं मोकळे करायचा. समोर धूळ नसली तरी बोलण्याआधी फुंकर मारायचा.

तपासणी येणार म्हणून मी प्रत्येक दगडावर ऑइलपेंटनं नंबर घातला. एका माशाचा नेमका डोळाच बुजला.

फुंकर न मारताच तो ओरडला, "काहून बाबू, तुमच्या कपायावर टाकू का नंबर? ह्या जातीचा मासा जगात उरला नाही. एक डोया दिसत होता, त्यालेही बुजवलं!"

आठ दिवस खरवडून त्यानं डोळा परत आणला. तपासणीला आलेल्या साहेबांना डोळा दिसला नाही, नंबर खोडलेला तेवढा दिसला. त्यांनी त्यालाच मेमो दिला.

तो मेमो मीच टाइप केला, एकही चूक न करता.