दुसरा ठोका

पहिल्या सोनोग्राफीत डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "दोन आहेत." दोन काळ्या पिशव्या होत्या. प्रत्येकीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्या दाण्यात लुकलुकणारा एक ठिपका. "हे हृदय. आणि हे दुसऱ्याचं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने दवाखान्याच्या पार्किंगमधूनच पुणतांब्याला फोन लावला. सासूबाई स्पीकरवर ओरडल्या, "जुळी? आपल्या घरात आजवर कुनाला झाली न्हाईत!" संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कळलं होतं.

मी सावेडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. ते दिवस उलट्यांमध्येच गेले. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून मोबाईलवरचं गरोदरपणाचं ॲप वाचायचे. त्यात जुळी अशी नोंद केली होती, म्हणून ते सगळं अनेकवचनात सांगायचं. तुमच्या बाळांचे हात सध्या वल्ह्यांसारखे आहेत. तुमच्या बाळांची बोटं सुटी होत आहेत. पापण्या तयार झाल्या आहेत, पण त्या अजून मिटलेल्या राहतील. मी हे नवऱ्याला जेवताना वाचून दाखवायचे आणि तो घास हातात धरून ऐकायचा.

तिसरा महिना संपता संपता पुढची सोनोग्राफी झाली. या वेळी डॉक्टरबाई पोटावर एकाच जागी यंत्र फिरवत होत्या. भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही असा बोर्ड होता, तो मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. स्क्रीनवर एक बाळ उसळ्या मारत होतं. त्याने हात वर केला तेव्हा बोटंसुद्धा दिसली. दुसरं तळाशी होतं, पुष्कळ लहान.

"याचे ठोके थांबलेत," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"आकारावरून नववा आठवडा असावा. तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही हे. बऱ्याचदा सुरुवातीच्या पेशींतच काहीतरी चुकलेलं असतं."

तरीही मी नववा आठवडा आठवू लागले. चाचणीचे पेपर तपासले होते. स्कूटर चालवली होती. कुठल्या दिवशी काही वेगळं वाटलं होतं का, तर नाही.

"मग आता त्याचं काय करायचं?"

"काहीच नाही. त्याच्याभोवतीचं पाणी शोषलं जाईल. हे उसळ्या मारणारं वाढेल तसं ते आक्रसून कडेला चपटं होऊन राहील. दोघांची वार वेगळी आहे, त्यामुळे याला धोका फारसा नाही."

त्यांनी जेल पुसायला टिश्यू दिला. मी उठले, साडी नीट केली आणि पुढची तारीख विचारली. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर समोच्च रेषा काढल्या.

सासूबाई दोन दिवसांनी एसटीने आल्या. पिशवी खाली ठेवून आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "एक तरी हाय ना पोरी. आता त्याच्याकडंच बघायचं." प्रत्येक जण हेच म्हणत होता आणि ते खरंही होतं. मी सगळ्यांना हो म्हणायचे. रात्री नवरा कूस बदलून रडायचा. मला ते कळायचं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असंही वाटायचं, पण मी छताकडे बघत पडून राहायचे.

ॲपमधली नोंद बदलली नाही. तुमच्या बाळांना आता आवाज ऐकू येतात, असं त्याने सांगितलं तेव्हा सहावा महिना लागला होता. त्याच्या आधीच पोटात हालचाल सुरू झाली होती. पहिल्यांदा वर्गात झाली, पाण्यात मासळी वळावी तशी. मुलं नकाशा भरत होती. मी टेबलाचा कोपरा धरून उभी राहिले आणि ही हालचाल कुणाची, हे मला माहीत होतं. पाचव्या महिन्यातल्या तपासणीत हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं, सगळं व्यवस्थित असल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. त्या आनंदाने सांगत होत्या, म्हणून मीही हसले होते.

डोहाळजेवणाला गावाकडच्या बायका आल्या. दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. एका म्हातारीने विचारलं, "जुळी व्हती ना गं?"

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "एकच हाय. उचल गं वाटी." मी एक उचलली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाटीत काय निघालं ते मला आज आठवत नाही.

मुलगी झाली. रडली, धुतली, माझ्या छातीवर ठेवली. वार पडल्यावर डॉक्टरबाई ती उलटसुलट करून बघत होत्या. त्या थांबल्या तशी मी विचारलं, "आहे का?"

"आहे. पाहायचंय?"

मी मान हलवली. वारेच्या पातळ पडद्याला चिकटलेली बोटाच्या पेराएवढी पिवळट पट्टी होती, ओल्या कागदासारखी. मी पाहिली, आणि त्यांनी ट्रे नेला.

सव्वा महिना होत आला होता. सासूबाई पाय पसरून बाळाला तेल लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तवा गेल्ते मी नदीवर. एक गेलं म्हनून तुमचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिशी. दहीभात सोडला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच की. तुला सांगितलं न्हाई. म्हनलं, पोटात एक हाय, उगं जिवाला लावून घेशील."

"काय म्हणालात तिथे?"

"काय म्हननार? नाव न्हवतं. बाळा म्हनलं, जा." त्यांचे हात बाळाच्या अंगावर तसेच थांबले. मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि पुन्हा चोळायला लागल्या.

मी त्यांना म्हटलं, "आई, मला तिथं न्या."

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर पुणतांब्याला गेलो तेव्हा त्या मला घाटावर घेऊन गेल्या. गोदावरीला पाणी कमी होतं. पलीकडे कुणीतरी बैल धूत होतं. "हितंच," त्यांनी पायरी दाखवली. मी वाट पाहिली, की आता काहीतरी होईल. उन्हाने पाय भाजत होते, एवढंच कळत होतं. तेवढ्यात मुलगी भुकेने रडायला लागली. सासूबाईंनी पदराचा आडोसा धरला आणि मी तिथेच बसून तिला पाजलं.