कानाशी मोडलेली काडी

पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींभोवती पेंढा भरणारे काका आहेत. प्रत्येक मुठीतली एक काडी ते कानाशी धरून मोडतात. कट्‌कन वाजली, तर ती मूठ बाप्पाच्या हाताखाली. नाहीतर मागच्या ढिगात.

रोह्याला जाताना मी तिथे हमखास थांबतो. एकदा ऐटीत सांगितलं, "काका, आम्ही प्रयोगशाळेत भाताची जनुकं बदलतोय. काडीच्या पेशींची भिंत मऊ झाली, की गुरांना पेंढा सहज पचेल."

"झाली का मऊ?"

"अजून नाही. चार वर्षं झाली कामाला लागून."

काकांनी मागचा ढीग कवेत उचलला आणि कारखान्यासमोर बांधलेल्या त्यांच्या गाईपुढे टाकला.

"हिला रोज मऊच लागतो. तुमी करा सावकाश, तवर मी निवडतो हाय."