ढोकीला थांबलेली कळंबची गाडी

हे मी आमच्या मिस्टरांना सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही. आता लिहायला बसले तर तीनदा उठले — एकदा गॅस बघायला, एकदा दार लावायला, एकदा उगाचच. मी अशी नाही खरं तर. काम पुढ्यात आलं की उरकून मोकळी होते. हे मात्र तीन वर्षं झाली, उरकलेलं नाही.

सोपं आहे ते आधी सांगते.

धाराशिवला आमचं घर आहे. मी शाळांचे गणवेश शिवते. तीन मशिनी, हाताखाली दोन बायका. मे महिना आमचा जीव काढतो, कारण शाळा उघडायच्या आत सगळं द्यायचं असतं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती आणि त्यांना विसर पडायला लागला होता. चष्मा कुठं ठेवला, असला विसर नाही. ह्या घरात आपण आयुष्यभर संसार केला, हेच त्या विसरल्या होत्या. रोज सकाळी कापडी पिशवीत एक लुगडं भरून दारात उभ्या राहायच्या. "माझ्या गावाला जाते. भाऊ न्यायला येणाराय." भावाला जाऊन वीस वर्षं झाली होती. तसं सांगितलं की नव्यानं रडायच्या, म्हणून सांगायचं सोडून दिलं. कडी लावली तर कडी वाजवत बसायच्या, दिवसभर. मशीनच्या आवाजातही ती कडी ऐकू यायची.

उपाय मला अपघातानंच सापडला. एकदा कामासाठी तुळजापूरला गेले, घरी कुणी नव्हतं म्हणून त्यांनाही घेतलं. गाडीत बसल्या आणि गप्प झाल्या. खिडकीला डोकं, मांडीवर पिशवी. त्यांच्या लेखी आता गावाकडं निघालो होतो, मग आणखी काय हवं? तेव्हापासून आठवड्यातून एक दिवस मी त्यांना घेऊन निघायची. स्टँडवर जी एसटी लागलेली असेल तिच्यात बसायचं, शेवटापर्यंत जायचं, तिथून परत. त्यांना तिकीट नव्हतं, मला अर्धं. मी सोबत शर्टांची पिशवी घ्यायची आणि गाडीत बटणं लावायची. हातशिलाईचं काम कुठंही होतं. म्हणजे माझाही दिवस वाया जात नव्हता. हे मी त्यांच्यासाठी करत होते की कडी ऐकू येऊ नये म्हणून? दोन्ही असेल. तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्या दिवशी सकाळी तुळजापूरला जाऊन आलो. मग येडशी. येडशीहून परत येताना शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. बराच वेळ माझ्या सुईकडं बघत राहिली, मग आत्याबाईंना म्हणाली, "माझी सून मला अंगणाच्या भायेर न्हेत न्हाय, आन तुमची सून गाडीत बसवून फिरवती. नशीब लई मोठं हाय तुमचं." आत्याबाई म्हणाल्या, "ही व्हय? ही न्हाय माझी सून. ही शिंपीण हाय." गाडी हसली. मीही हसले. राग आला होता का? मला आठवत नाही. आला असता तर बरं झालं असतं — निदान कारण तरी सापडलं असतं.

तिसऱ्या फेरीला कळंबची गाडी मिळाली, ढोकीवरून जाणारी. ऊन डोक्यावर आलं होतं. धाराशिव सोडल्यापासून आत्याबाई एकच विचारत होत्या, "आमचं गाव आलं का?" मी म्हणत होते, "येतंय." दर दोन मिनिटांनी. "आलं का?" "येतंय."

ढोकीला गाडी थांबली, चहापाण्यासाठी. आमच्या शेजारची बाई तिथंच उतरली. बाटली रिकामी झाली होती. "पाणी घेऊन येते, इथंच बसा," असं सांगून मी उतरले.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ह्यापुढचं सगळ्यांना माहीत आहे ते असं — मी नळावर होते, कंडक्टरनं मागंपुढं न बघता बेल दिली, मी ओरडले, धावले, गाडी गेली. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मला माझं धावणंसुद्धा दिसतं. कुठल्या पायातली चप्पल निसटली तेही.

मी धावले नाही.

एक गोष्ट आधी. बाटली भरायला उतरताना मी शर्टांची पिशवी सोबत घेतली होती. बाटली भरायला पिशवी कशाला लागते? ती सीटवर ठेवली असती तर जागा राहिली असती, आम्ही सगळे तेच करतो — रुमाल टाकतो, पिशवी टाकतो. मी खांद्याला लावून खाली उतरले. ठरवून? मी स्वतःला शपथ घालून विचारलंय. उत्तर येत नाही.

बाटली भरली. झाकण लावलं. ड्रायव्हर वर चढला. कंडक्टरनं एक पाय पायरीवर ठेवला, दोरीला हात घातला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, यायचंय का?"

मी मान हलवली. नाही.

दारावर आलेल्या भाजीवाल्याला नको म्हणताना हलवतो तशी. त्यानं दोनदा बेल दिली. गाडी माझ्या अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली. आत्याबाई खिडकीत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पुढं बघत होत्या, रस्त्याकडं, आणि चेहरा — कसा सांगू — लग्नाला निघालेल्या माणसासारखा होता.

मग मी काय विचार केला? काहीच नाही, आणि माझी अडचण इथंच आहे. "जाऊ दे म्हातारीला" असं मनात आलं असतं तर मी कोण आहे ते मला कळलं असतं. "आता काय करू" असं आलं असतं तर वेगळं कळलं असतं. काहीच आलं नाही. मी बाकावर बसले, चहा सांगितला. चहा चांगला होता. मग पिशवी उघडली आणि बटणं लावायला लागले. कितीतरी महिन्यांनी मला काही विचारणारं कुणी शेजारी नव्हतं. नंतर घरी बघितलं तर चार शर्ट पुरे झालेले होते. चार शर्टांना वेळ लागतो. शिवणाऱ्या बाईला विचारा.

मग मी फोन केला आणि रडत सांगितलं. ते रडणं खरं होतं, हेही मला समजत नाही.

मिस्टरांनी कळंबला ओळखीच्या माणसाला स्टँडवर पिटाळलं. गाडी पोचली होती. आत्याबाई तिच्यात नव्हत्या. वाटेत एका फाट्यावर त्या उठल्या होत्या, "माझं गाव आलं, भाऊ थांबलाय" असं म्हणाल्या होत्या, आणि कंडक्टरनं हात धरून त्यांना उतरवलं होतं. त्याला काय माहीत? गर्दीत कोण कुणाबरोबर चढलं ते त्याच्या ध्यानात नव्हतं, त्याच्या दृष्टीनं म्हातारी एकटीच होती.

जीप करून मिस्टर आले, आम्ही फाट्याफाट्याला थांबत गेलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या सापडल्या. रस्त्याकडेच्या एका बाईनं त्यांना पोत्यावर बसवलं होतं. चपला कुठंतरी गेल्या होत्या आणि डांबरावरून चालून दोन्ही तळपाय सोलले होते. मिस्टर खाली बसले आणि त्यांच्या पायांना हात लावायचा की नाही ते त्यांना कळेना. त्या त्यांना म्हणाल्या, "गाव हलवलं का रं कुनी?"

महिनाभर पट्ट्या बदलल्या. त्या मीच बदलल्या आणि नीट बदलल्या. त्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध नाही. पाय बरे झाले. पण त्यानंतर त्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. पिशवी भरली नाही, कडी वाजवली नाही, गाव विचारलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. घर शांत झालं. गणवेश वेळेत गेले. पुढच्या थंडीत त्या वारल्या. डॉक्टर म्हणाले वयच झालं होतं, आणि तसंच असेल.

मी अजून मुख्य सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटलं असेल मान हलवली हेच ते. मलाही वर्षभर तसंच वाटायचं.

मिस्टरांनी आगारात तक्रार दिली. चौथ्या दिवशी तो कंडक्टर घरी आला. पस्तिशीचा असेल, खाकीतच आला होता, चपला पार फाटकापाशी काढून. ओसरीवर आमचे दोन शेजारी बसले होते. मिस्टरांनी त्याला उभ्याउभ्याच धरलं. आई असती तुझी तर असं केलं असतंस का, म्हणाले. तो हळू म्हणाला, "साहेब, मी ताईंना विचारलं होतं. त्यांनी मानंनं नाही म्हणलं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "मला कुणी काही विचारलं नाही."

आवाज कापला नाही. माझ्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण मी वाढवून सांगत नाही, ही माझी गल्लीत ख्याती आहे. शेजारी म्हणाले, ह्या खोटं कशाला बोलतील? तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. गणित चुकलेला माणूस पाटीकडं बघतो तसं. मग म्हणाला, "मग दुसरं कुणीतरी असंल. गर्दी होती. माझीच नजर चुकली."

आत जाऊन त्यानं आत्याबाईंना हात जोडले. मी चहा केला. तो त्यानं घेतला, कप विसळून ठेवला. मिस्टरांनी तक्रार मागं घेतली नाही. त्याला काही महिने गाडीवरून काढून आगारात टेबलावर बसवलं होतं असं कानावर आलं. खरं-खोटं मी विचारलं नाही. विचारणार कुणाला, आणि कोण म्हणून?

मधली वर्षं मी कळंबला जायचं टाळलं. मागच्या महिन्यात कापडासाठी जावंच लागलं. गाडीत चढले आणि तिकीट द्यायला तोच आला. ओळखलं त्यानं. "ताई, बऱ्या हाव का? आज्जी कशा हाईत?" गेल्या, म्हणाले. मग त्यानं माझं तिकीट फाडून दिलं आणि पुढं गेला.

ढोकी आली. तो खाली उतरला. नळापाशी दोन बायका होत्या, एक बाकावर, एक चहाच्या टपरीशी. तो एकेकीजवळ चालत गेला आणि प्रत्येकीला विचारलं. तोंडानं उत्तर येईपर्यंत हलला नाही. एकीनं मान हलवली तर म्हणाला, "तसं न्हाय, बोलून सांगा मावशी." गाडीत लोक वैतागले. मागून एक म्हातारा ओरडला, "ओ मास्तर, अक्षता वाटताय का गाडीत बसायच्या? चला की."

तो वर चढला, हसला. "एकदा नजर चुकलीय काका माझी. म्हातारं माणूस पार उन्हात चाललं माझ्यापायी. तवापासून माझ्या डोळ्यांवर माझा इस्वास न्हाय."

मी तिसऱ्या बाकावर होते. त्याच्यापासून दोन हातांवर.

त्याची नजर चांगली आहे. त्या दिवशी त्याला जे दिसलं ते बरोबर दिसलं होतं. हे जगात मला एकटीला माहीत आहे, आणि कळंब येईपर्यंत पाऊण तास मी त्याच्या पाठीकडं बघत गप्प बसले होते.