न केलेल्या गुन्ह्याची कबुली

चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात, खून, सगळं पाहून मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण तलावावरची ती एक केस आठवली की अजूनही मी एकटाच हसत बसतो, आणि आमच्या घरातून विचारणा होते, "काय झालं बाप्पा?" नाव कोणाचंच सांगणार नाही. ज्याची केस, त्याला आम्ही ठाण्यात नवरदेव म्हणायचो. इथंही तेच म्हणतो.

मी तेव्हा आसगावच्या बाजूला ठाणेदार होतो. एका सकाळी आमचा खबऱ्या आला. पानठेला चालवायचा, त्यामुळे त्याच्या कानावरून काही सुटत नसे.

"साहेब, तलावाच्या पाळीवर काईतरी चालून राहिलं."

तलाव मासेमारी सोसायटीचा होता. मासोळीची चोरी होऊ नये म्हणून सभासद पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झोपडीत आळीपाळीने राखण करायचे. खबर अशी की एक तरुण सभासद दोन महिने रोज रात्री स्वतःच राखणीला जातो, दुसऱ्यांनाही घरी पाठवतो.

"अन् त्याच्या लग्नाले चार महिने नाही झाले! नवी बायको घरी ठेवून मासोळीची राखण कोण करते, तुमीच सांगा!"

ह्या तर्कात मला काही खोट दिसेना. म्हटलं, नक्कीच मोहाची दारू गाळतो. जमादार, दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन भर दुपारी छापा टाकला. नवरदेव जाळं शिवत बसला होता. झोपडीत जाळ्याखाली काळ्या पाण्याच्या तीन बाटल्या आणि राखाडी भुकटीच्या पुड्या सापडल्या. आमच्या जमादारांचा दारू ओळखण्यात हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी एक थेंब जिभेवर ठेवला आणि पुढचा अर्धा तास ते तलावाच्या काठाशी थुंकत होते.

"साहेब, हे काईबी असन, पण दारू नाई! दारूचा असा अपमान म्या जन्मात नाई पाह्यला."

पंचनामा करून मुद्देमाल सील केला, पोराला ठाण्यात आणलं.

"दारू आहे?" मी विचारलं.

"हाव साहेब. दारूच हाये. मले अंदर टाका."

एवढी वर्षं मी माणसं गुन्ह्यातून सुटायला खोटं बोलताना पाहिली. हा पहिलाच, जो गुन्ह्यात घुसायला खोटं बोलत होता. कुठं गाळली, भट्टी कुठं, कोणाला विकतो? एकाचंही उत्तर धड नाही. दरडावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. मान खालीच. माझा एक अनुभव आहे, माणूस शिक्षेपेक्षा लाजेला जास्त भितो. पण ही कसली लाज, ते मला कळेना.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. कोळशासारखे डोळे, आणि डोळ्यांत जाळ. नवऱ्याकडे न पाहता तिनं डबा माझ्याच टेबलावर ठेवला.

"साहेब, दारूचं मले काई नाई. ते बाई कोण हाये, तेवढं याच्याकडून वदवून घ्या. रविवारी माहे भाऊ येऊन राहिले मले न्याले. एकडाव गेली तं मी परत येणार नाई."

तो दिवस शुक्रवार. नवरदेवाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. तेव्हा मात्र माझं लक्ष मुद्देमालातल्या एका पुडीच्या छापील कागदाकडे गेलं. 'जवानी परत' एवढीच अक्षरं वाचता येत होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

सगळ्यांना बाहेर काढलं, दोन चहा मागवले आणि दार लोटून घेतलं.

"ऐक. माझं लग्न झालं तेव्हा मी नवा फौजदार होतो. गावात लोक मले पाहून रस्ता सोडायचे, अन् घरी खोलीत गेलो की माझंच सगळं मिनिटभरात आटपायचं. तीन वर्षं आम्ही दोघंही एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "खरंच साहेब? का मले बोलतं करायसाठी सांगून राहिले?"

प्रश्न रास्त होता. आरोपीला 'मीही तुझ्यासारखाच' म्हणणं ही तपासातली जुनी युक्ती. पण त्या दिवशी ती युक्ती नव्हती, आणि हे त्याला माझ्या लाल झालेल्या कानांवरून कळलं असावं.

मग तो धो धो बोलला. शीघ्रपतन हा शब्द त्यानं आठवडी बाजारातल्या एका तंबूवर वाचला होता. आत बसलेल्या वैदूनं नाडी धरून सांगितलं की नसा सुकल्या आहेत, पोरपणच्या सवयीनं शरीर पोकळ झालंय. काढा दिला, आणि वर पथ्य सांगितलं, नव्वद दिवस बायकोच्या सावलीतही जायचं नाही, नाहीतर औषध उलटेल. म्हणून ही राखण! काढ्यानं उलट्या व्हायच्या, छाती धडधडायची, तरी बिचारा घोट घोट पीत होता.

"आता हे मी सांगू का तिले?" मी विचारलं.

"नाई साहेब. मीच सांगतो."

ठाण्यामागच्या कडुनिंबाखाली दोघांना बसवलं. मी आणि जमादार खिडकीशी उभे, हे नियमात बसत नाही, पण राहवेना. तो खाली बघून बोलत होता. ती ऐकत राहिली. मग तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की जमादार म्हणाले, "साहेब, कलम लावा!" आणि ती हसू लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली.

"मुर्दाड्या, एवढंच? अन् मी दोन महिने गावातल्या एक एक बाईले निरखून पाहून राहिली!"

फिर्याद द्यायला नवरदेव तयार होईना, गावभर नाव होईल म्हणाला. ती पुढं आली. "माह्या नवऱ्याले विष पाजलं त्या वैदूनं. फिर्याद माही लिव्हा." तिनं सही ठोकली. शनिवारी बाजारात तंबू गाठला. आतली तीन गिऱ्हाइकं दुपट्ट्यात तोंड लपवून पळाली. गाडीत बसवताना तो वैदू मला हळूच म्हणतो, "साहेब, तुमच्या वयाले एक भस्म हाये..." जमादारांनीच त्याला गप्प केलं.

रविवारी तिचे दोन भाऊ आले, मासोळीची भाजी खाऊन तिला न घेताच परत गेले. मी सोमवारी दोघांना भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नवराबायकोला सोबतच बसवलं. म्हणाले, हे बऱ्याच पुरुषांना होतं, नसाबिसा काही सुकत नाहीत. लघवीची आणि थायरॉईडची तपासणी केली. मग सांगितलं की अगदी टोकाशी येतंय असं वाटलं की थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. लघवी रोखताना जो स्नायू आवळतो, त्याचा रोज व्यायाम करायचा. लागलंच तर बधिर करणारं मलम किंवा गोळी, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच, दुकानातून मनानं नाही. "आणि घड्याळ पाहू नका," ते म्हणाले, "इथं कोणी पंचनामा करत नाही." काही आठवडे लागतील हेही सांगितलं.

त्या संध्याकाळी मी घरी बायकोला सगळं सांगितलं, त्या पोराला आमचंही सांगितलं हेसुद्धा. ती आधी चिडली, "आपलं कायले सांगतलं?" मग क्षणभरानं म्हणाली, "चांगलं केलं. आपल्याले तं कोणीच नव्हतं सांगाले." मला फार बरं वाटलं त्या रात्री.

या केसनं मला शिकवलं की माणूस मुका राहतो तेव्हा दर वेळी गुन्हाच लपवत नाही. कधी नुसतं आपलं दुखणं लपवतो, आणि त्याच्यापायी भरला संसार मोडायला निघतो. आधी खुर्चीवरून खाली उतरून आपलं सांगावं लागतं, मग तो बोलतो. नव्या फौजदारांना मी हे नेहमी सांगायचो. दोघं तरी नंतर एकेकटे येऊन त्या डॉक्टरांची वेळ विचारून गेले.

वर्षभरानं मी त्याच दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेलो होतो. समोरून नवरदेव आला, चांगला भरला होता, हसतच पाया पडला. सोबत एक तगडा गडी, दुपट्ट्यात तोंड गुंडाळलेला.

"हा कोण?"

"माहा मोठा साळा, साहेब! बहिणीले न्याले आल्ता ना, तोच. सहा महिने झाले, हा शेतावरच झोपून राहिला. म्या वळखलं. म्हटलं, चाल माह्यासंग, दारूचा गुन्हा कबूल कराची पाळी येऊ देऊ नोको!"