मोड आलेलं बियाणं

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, एटीपी कधी कुणाच्या कामाला आलंय का?" तुमची परीक्षा आठवड्यावर आलीय, म्हणून लगेच लिहिते. आलंय. पनवेलच्या आपल्या स्वयंपाकघरात.

नेऱ्याहून भाजी विकायला येणाऱ्या बाईंनी त्यांच्या सासूच्या वेळचं कडव्या वालांचं बी माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. आजूबाजूची शेतं विकली गेली, ते वाण फक्त त्यांच्याकडे उरलेलं, आणि घरात उंदीर फार. "तुमच्याकडं सगलं जागच्या जागी हाय," त्या म्हणाल्या. मी सुखावले. माझ्या प्रत्येक डब्याला टाइप केलेलं लेबल आहे. दुर्दैवाने झाकणावर, आणि कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसतं.

दिवाळीत डबे घासले. नंतर बिरड्यासाठी वाल भिजवून फडक्यात बांधले. छान मोड आले. आजोबा सोलायला बसले आणि वाटीभर सोलून म्हणाले, "या वेळचे वाल बारीक आहेत गं."

झाकणांची अदलाबदल झाली होती; मी बाईंचं बीच भिजवलं होतं. तेवढ्यात बाई दारात! भात कापून झालं होतं, त्या बी न्यायला आल्या होत्या.

"परत वाळवूया," आजोबा म्हणाले.

"अजिबात नाही!" जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली मी ओरडले. बियांत ऊर्जा साठलेली असते ती पिष्टात. पाणी मिळालं की पिष्टाची साखर होते, साखरेतली ऊर्जा एटीपीच्या रेणूंत भरली जाते आणि ते ती वाढणाऱ्या कोंबाला पुरवतात. एटीपी म्हणजे गॅस सिलिंडरसारखं: वापरून रिकामा झाला की पुन्हा भरायचा. पण हिरवी पानं उन्हात येईपर्यंत सगळा संसार साठ्यावर. तो संपला की कोंब मेला; वाळवला तर आजच मेला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आजच पेरायचं ना? ते मला म्हायती हाय, टीचर. रिक्षा बोलवा."

ओलं फडकं मांडीवर घेऊन आम्ही तिघं नेऱ्याला गेलो. आजोबा एकेक दाणा मोड खाली करून लावत होते आणि दर वेळी "आई गं" म्हणत होते.

"सोलताना नाय दुखली कंबर?" बाईंनी विचारलं.

सोललेल्या वाटीचं बिरडं झालं. मी ते ताटात घेतलंच नाही. आजोबांनी दोनदा वाढून घेतलं.

बाकीचे बहुतेक दाणे रुजले, शेंगा धरल्या. ते वाण अजून आहे. यंदाही नेऱ्याला त्याच शेतात उभं आहे.